पुरुषांनी बाहेर थांबावे

मी एक फ्लेक्सचा फलक बोलतोय, आणि रागानं बोलतोय हे आधीच सांगून टाकतो. गोड बोलणारे फलक तुम्हाला चौकाचौकात भेटतात, वाढदिवसाचे, निवडणुकीचे, हात जोडून हसणारे. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही.

माझा जन्म बेंगळुरूच्या शिवाजीनगरातला, छपाईच्या एका अंधाऱ्या दुकानातला. मशीनमधून बाहेर आलो तो नखशिखांत गुलाबी. वर एका हसऱ्या बाईचं चित्र, बाजूला गुलाबी फीत आणि मध्ये मजकूर: ‘ताईंनो, वहिनींनो, मावश्यांनो! स्तनांच्या कर्करोगाची मोफत तपासणी. आपल्या कुटुंबासाठी आजच या. फक्त महिलांसाठी.’ त्याखाली हेच सगळं कन्नडमध्ये. आणि अगदी तळाशी, जाड अक्षरांत: ‘पुरुषांनी बाहेर थांबावे.’

हा मजकूर लिहिला सुखदानं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत समाजकार्याचा विभाग सांभाळणारी. मुलगी मनानं वाईट नव्हती. फलकाला मजकूर निवडता येत नाही. जे अंगावर छापतील ते मिरवायचं. पण छापलेलं वाचून माणसं काय करतात, ते मात्र बघावंच लागतं.

रविवारी मला शिवाजीनगरातल्या मराठी समाजाच्या सभागृहावर चढवलं. बायकांची ही झुंबड उडाली. एकमेकींना कोपरानं ढोसत, लाजत, हसत त्या रांगेला लागल्या. खरं सांगतो, तेव्हा मला माझा अभिमान वाटला.

मग नागोजी आला. सभागृहासमोरच त्याचं दुकान. रिक्षांचे टप आणि सीट शिवायचा. शहाजीराजांच्या काळापासून इथं रुजलेल्या घराण्यातला, पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. बायको विमला रांगेत होती, पण तो तिच्याकडं गेला नाही. माझ्याखाली उभा राहून त्यानं मला दोनदा वाचलं. मग डावा हात छातीवर ठेवून दारातल्या टेबलाशी गेला.

टेबलावर सुशांत बसला होता. सुखदाच्याच कंपनीतला, सुट्टीच्या दिवशी मदतीला आलेला.

“तम्मा, स्वल्प विचारायचं होतं,” धाकट्या भावाला म्हणावं तसं नागोजी हळूच म्हणाला. “इथं छातीत...”

“काका, हा लेडीज कॅम्प आहे. बोर्डवर क्लिअर लिहिलंय ना? मिसेस आत असतील तर तुम्ही प्लीज बाहेर वेट करा.”

“तसं नाही. मलाच इथं गाठ...”

तेवढं रांगेतल्या गोजराबाईनं ऐकलं. शेजारीण, तोंडाची फटकळ. “अगं बाई, नागोजीअण्णाला पण दूध यायला लागलं काय!” ती मोठ्यानं म्हणाली आणि सगळी रांग हसली. विमलासुद्धा हसली, कारण तिला वाटलं नवरा चेष्टाच करतोय.

नागोजी पण हसला. पुरुषाला अशा वेळी हसावंच लागतं. हसत हसतच तो पायऱ्या उतरला. छातीवरचा हात त्यानं खिशात घातला होता.

संध्याकाळी मला उतरवून जिन्याखाली टाकून गेले. फ्लेक्स पक्का आहे, उन्हापावसाला चालेल, असं म्हणत नागोजीनंच मला उचललं आणि दुकानापुढं छपरासारखं ताणलं. छापील बाजू खाली. म्हणजे दिवसभर तो टप शिवणार आणि त्याच्या डोक्यावर माझी अक्षरं: पुरुषांनी बाहेर थांबावे.

तिथून सगळं मी पाहिलं. उकाड्यात तो बनियनवर काम करायचा. डाव्या बाजूचं बोंड हळूहळू आत ओढलं जात होतं. पुढं पुढं तो जाड शर्ट घालूनच बसायला लागला. जड सीट उचलताना दात खायचा. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचा, “काही नाही, रिक्षाचा दांडा लागलाय.”

एके दुपारी विमला डबा घेऊन आली तेव्हा शर्टाची बटणं उघडी होती.

“हा डाग कसला? घामाचा नाही हा.”

“वंगण असेल.”

“वंगण लाल असतं?” तिनं बनियन बाजूला केलं आणि मटकन स्टुलावर बसली. “कधीपासून आहे?”

“शिबिराच्या आधीपासून.” मग तो चिडला. “अगं, हे बायकांचं दुखणं. मला कसं होईल? ते बघ, वर लिहिलंय की!” आणि त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

माझ्याकडं! त्या क्षणी वाऱ्याची एक झुळूक जरी आली असती तरी मी स्वतःला टराटरा फाडून घेतलं असतं.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. विमला त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुईनं तुकडा काढला, तपासला आणि स्तनांचा कर्करोगच म्हणून सांगितलं. पुरुषांच्या छातीतही तशाच पेशी असतात, म्हणून त्यांनाही होतो. कमी जणांना होतो, पण होतो. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. नागोजीनं मान खाली घातली. आपण लवकरच आलो होतो, हे त्यानं सांगितलं नाही. ते सांगितलं विमलानं, तिथल्या तिथं, रडत.

शस्त्रक्रिया झाली, औषधं सुरू झाली. पण दवाखान्यातही तेच. खुर्च्या गुलाबी, भिंतीवर बायकांचीच चित्रं. एका नर्सनं त्याला सांगितलं, “पेशंटच्या मिस्टरांनी बाहेर बसायचं.” दुसऱ्या दिवशी माईकवर हाक आली, “श्रीमती नागोजी!” आणि बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. तो उठलाच नाही. पुढच्या वेळी औषध घ्यायला जातच नाही म्हणाला. “मरतो, पण बाईच्या नावानं हाक मारून घेत नाही.”

त्या रात्री घरात काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. सकाळी त्याची मुलगी सौम्या दुकानापाशी आली आणि तिनं मला खांबावरून ओढून काढलं. एका कंपनीत हिशेबाचं काम करणारी, बापासारखीच शांत मुलगी. मला गुंडाळून, शिबिर भरवणाऱ्या कंपनीचा पत्ता सभागृहातून घेऊन, आईला बरोबर घेत ती बसनं हेब्बाळला गेली आणि सुखदासमोरच्या काचेच्या टेबलावर तिनं मला उलगडलं. मी होतो धुळीनं माखलेला, वंगणाचे डाग पडलेला.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. का?”

सौम्यानं सगळं सांगितलं. सुखदाचा चेहरा उतरला, पण ती मागं हटली नाही.

“आय ॲम रिअली सॉरी. पण माझीही बाजू ऐका. शंभर पेशंट असतील तर त्यात पुरुष जेमतेम एखादा. बायका आधीच लाजतात. पुरुष रांगेत दिसले तर त्या येणारच नाहीत. माझी आई ह्यानंच गेली. गाठ लपवून ठेवली तिनं, लाजेपायी. कुणी तिला ‘ताई, या’ म्हणून हाक मारली असती तर कदाचित... म्हणून मी ‘ताईंनो’ लिहिते.”

“माझे अप्पाही लाजेपायीच चाललेत,” सौम्या म्हणाली. “फरक इतकाच, की तुमच्या आईला कुणी हाक मारली नाही. माझे अप्पा आपण होऊन आले होते. त्यांना हाकलून दिलं.”

विमला उठली. “हे बघ अक्का, ‘बायका’ हा शब्द काढ असं नाही म्हणत आम्ही. आमच्या गल्लीतल्या बायका तेवढ्यावरच आल्या. तो राहू दे. पण हे ‘फक्त’ कशाला? आणि हे ‘बाहेर थांबावे’? माझा माणूस बाहेर थांबला ना! किती थांबायचं त्यानं?” तिचा आवाज चढला. “आणि ‘कुटुंबासाठी या’ म्हणजे काय? मी माझ्यासाठी येऊ नको? स्वयंपाक बंद पडू नये म्हणून जगायचं का मी?”

काचेच्या पलीकडं माणसं वळून बघत होती. सुखदा माझ्यावरची अक्षरं पुन्हा वाचत राहिली. शेवटी म्हणाली, “मी वरच्या लोकांशी बोलते.”

वरचे लोक! पुढच्या शिबिराचा नवा फलक आला तेव्हा त्यावर पुन्हा तीच हसरी बाई, तेच ‘ताईंनो’, फक्त रंग जरा फिका. आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘क्वचित पुरुषांनाही होऊ शकतो.’ ‘बाहेर थांबावे’ होतं तेव्हा जाड अक्षरं आणि ‘तुम्हालाही होऊ शकतो’ असतं तेव्हा भिंग लावून वाचायचं!

नागोजीनं तो नवा फलक दुकानातून पाहिला. आजार तोवर हाडांत उतरला होता. बसलं तर उठवत नव्हतं. तरी त्यानं रिक्षाचा काळा रंग मागवला आणि सौम्यानं परत आणलेल्या मला जमिनीवर पसरून ‘फक्त’वर एक जाड पट्टा मारला. दुसरा पट्टा ‘पुरुषांनी बाहेर थांबावे’वर. ब्रश चालताना त्याचा श्वास माझ्यावर पडत होता, धापेचा, संतापलेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनासारखं केलं होतं.

शिबिराच्या दिवशी सौम्यानं मला नव्या फलकाच्या शेजारीच बांधलं. नागोजी विमलाच्या खांद्याचा आधार घेत पायऱ्या चढला. सुशांत टेबलामागून उठला. “काका...” एवढंच म्हणून त्यानं माईक त्याच्या हातात दिला.

“मी नागोजी,” तो म्हणाला. “समोर टप शिवतो. मागच्या वेळी आलो होतो. तुम्ही हसलात, मी पण हसलो. आता बघा काय झालं ते.”

आणि भरल्या सभागृहासमोर त्यानं शर्ट वर केला.

डावी बाजू सपाट. काखेपर्यंत गेलेला व्रण. दुकानातही जाड शर्टाखाली झाकून ठेवलेली ती छाती त्यानं सगळ्या गल्लीपुढं उघडी केली होती. गोजराबाई पुढच्याच रांगेत होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि पुटपुटली, “अण्णा, माझं मेलं तोंड...”

“तुझं नव्हे, अक्का. तू वाचलंस तेच बोललीस.” मग तो गरजला. खरंच गरजला, कुठून ताकद आणली कोण जाणे. “घरी जाऊन नवऱ्याला सांगा, मुलग्यांना सांगा! बाईमाणसाचं दुखणं नाही हे. छाती असलेल्या माणसाचं आहे!”

सुखदानं तिथल्या तिथं सभागृहाची मागची बाजू मोकळी करायला लावली आणि पडदा टाकला. पुरुषांची तपासणी तिथं. बायका काही घरी गेल्या नाहीत. एक पडदा, एवढीच तर गोष्ट होती.

दुपारी गर्दी पांगल्यावर एक दाढीवाला तरुण टेबलाशी आला. अगदी हळू आवाजात सुखदाला म्हणाला, “माझ्या कार्डावर चंदना लिहिलंय. जन्म मुलीचा, पण मी आता मुलगी नाही. मलाही गाठ लागतेय. दोन ठिकाणी दारातून परत गेलो. ताई म्हणवून घेत रांगेत उभं राहवत नाही.”

सुखदानं पेन उचललं. “नाव काय लिहू?”

“अवधूत.”

तिनं लिहिलं, आणि उठून स्वतः त्याला पडद्यापर्यंत घेऊन गेली. त्याची गाठ पुढच्या तपासणीत साधी निघाली. त्या दिवशी बाहेर येताना तो माझ्यापाशी थांबला आणि काळ्या पट्ट्यावरून त्यानं बोट फिरवलं.

नागोजी श्रावण लागायच्या आत गेला. पुढं सुखदानं मजकूर बदलून घेतला, मोठ्या अक्षरांत. त्यासाठी तिला बरंच भांडावं लागलं म्हणे. चांगलं झालं. पण एक माणूस खर्ची पडल्यावरच शहाणपण यावं का? माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

विमलानं दुकान आवरलं तेव्हा भंगारवाल्यानं मला नेलं. आता मी यशवंतपूरच्या बाजारात आहे, कांद्याच्या थप्पीवर आडवा. उन्हानं चित्रातली बाई पुसून गेली आहे, अक्षरंही लागत नाहीत. भर दुपारी हमाल माझ्या सावलीत येऊन लवंडतात. घामेजलेले शर्ट काढून उशाला घेतात. ओळीनं उघड्या छात्या, श्वासागणिक वरखाली होणाऱ्या. माझं तोंड मिटलेलं आहे. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

तुम्ही मात्र आत्ता ऐकलंत. उठा, जा आणि त्यांना सांगा.