श्वासावरचं कुलूप

मी एक कुलूप आहे. कपाटाचं नव्हे, मेंदूच्या देठात, श्वास चालवणाऱ्या पेशीवर बसलेलं. अफूच्या जातीचं औषध ही माझी किल्ली. ती लागली की माझे वरचे भाऊबंद दुखणं दाबतात आणि मी श्वास मंद करतं, खोकला दाबतं.

आमचे मालक म्हणजे एका घरातल्या नव्या सुनेचे सासरे. मणक्यात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर त्याच औषधाची पट्टी लावली. औषध हळूहळू झिरपायचं. सगळं बरं चाललं होतं.

मग मालकांची बहीण राहायला आली. हात रिकामे ठेवणं तिला जमत नाही. दुपारी तिनं गरम पाण्याची पिशवी नेमकी पट्टीवर ठेवली.

"शेकानं औषध चांगलं भिनतं."

भिनलंच. उष्णतेनं कातडीतून लोंढा सुटला आणि आम्हा सगळ्या कुलपांत एकदम किल्ल्या घुसल्या. श्वास रेंगाळला. रक्तात शिळी हवा साचली. 'श्वास घे' असा निरोप येत होता, पण मी ढिम्म. लाळ घशात उतरली, तरी खोकला उठेना. नासक्या डबक्यात बसल्यासारखं झालं. स्वतःचीच शिसारी आली.

कानाची वाट माझ्या शेजारूनच जाते, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं.

"किती दिवसांनी शांत झोपलाय दादा," बहीण काहीतरी कुरकुरीत चावत म्हणाली.

तिचा मुलगा मोबाईलवर घोरणं टिपत होता. "मामांचा ट्रॅक्टर चढाला लागलाय बघ."

दोघं खिदळली. माणूस गुदमरतोय आणि यांची करमणूक चाललीय. मला उबग आला.

नवी सून एरवी फारसं बोलत नाही. ती म्हणाली, "आत्या, ट्रॅक्टर बंद पडतोय."

"अगं, घोरणं कधी ऐकलं नाहीस का माहेरी?"

"ओठ निळे पडलेत. ती पिशवी उचला आधी."

तिनं पट्टी सोलून काढली, मालकांना कुशीवर वळवलं, नवऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला लावली. "बाबा, श्वास घ्या," ती सारखी सांगत होती. हाक पोचत होती, पण मला उघडता येईना.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं त्या औषधावरच्या उताऱ्याची सुई दिली. किल्ल्या हुसकावल्या गेल्या. मालक उसळून खोकले आणि पिवळा, चिकट कफ थेट सुनेच्या बाहीवर पडला.

"शी," म्हणत बहीण मागे सरकली.

"थुंका बाबा," सून बाही तशीच पुढे धरून म्हणाली, "सगळं थुंका."

आता आम्ही दवाखान्यात आहोत. किल्ली परत येईल, आणि तिला नाही म्हणायची अक्कल कुलपाला नसते. म्हणून विनवणी तुम्हालाच: पट्टीवर शेक देऊ नका, आणि शांत झोपलाय म्हणून खूश होण्याआधी छाती हलतेय ना, ते बघा.

मालकांचं दुखणं परतलंय. ते शिव्या देताहेत, प्रत्येक शिवीला भरपूर श्वास घेऊन. सून उशाशी बसून त्या एकेक ऐकतेय.