अंग भरण्याची पावडर

सोमवारची पूजा आटोपून सुनीतीबाई पोह्यांसाठी कांदा चिरायला बसल्या. पाच वाजता नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मंडळी यायची होती, स्वरालीला बघायला.

वर्षापूर्वी पहिल्या स्थळाने ‘मुलगी फारच किडकिडीत’ म्हणून नकार दिला, तेव्हा सुनीतीबाईंनी ओळखीतून अंग भरण्याची पावडर आणली. रोज दुधातून दिली. अंग भरलं खरं. पण चेहरा गोल सुजला, पोटावर जांभळे वळ उमटले, हातपाय काड्याच राहिले. गेल्या आठवड्यातलं स्थळ म्हणालं, “फोटोतली मुलगी हीच का?” त्याच दिवशी पावडर बंद झाली आणि स्वरालीचे उपवास सुरू झाले. ज्या उपवासात लेकीच्या तोंडचा घास काढला जातो, तो उपवास देव तरी कसा स्वीकारील?

“आई, उभं राहवत नाहीये. दोनदा उलटी झाली.”

“पाच स्थळं झाली तरी भीती जात नाही तुझी. साडी नेस.”

“भीती नाही गं, डोळ्यांपुढे अंधार येतोय.”

“तासभर कळ काढ.”

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली स्वराली मंडळींसमोरच कोसळली.

मुलाच्या आईने पदरावरचे पोहे झटकले. “मुलगी आजारी आहे, हे आधी सांगायचं असतं.”

“अहो, बाजूला व्हा. मला रिक्षा बोलवायचीय,” सुनीतीबाई म्हणाल्या.

इस्पितळात डॉ. रुमाना यांनी रक्तदाब पाहिला, मग पोटावरचे वळ.

“काही औषध चालू होतं?”

“नाही.”

“काकू, हिचा जीव तुमच्या उत्तरावर आहे.”

सुनीतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. “पावडर देत होते. सहा दिवसांपूर्वी बंद केली.”

“त्यात स्टेरॉइड असणार. ते बाहेरून मिळत राहिलं की रक्तदाब टिकवून धरणारं स्वतःचं कॉर्टिसॉल शरीर बनवेनासं होतं. आणि तुम्ही एकदम बंद केलंत.” रक्त तपासणीला गेलं, अहवालाची वाट न पाहता त्यांनी स्टेरॉइडचंच इंजेक्शन दिलं.

सकाळी अहवाल आला. कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच.

“आता त्याच्याच मोजक्या गोळ्या, त्याही कित्येक महिने हळूहळू कमी करायच्या. आपल्या मनाने एकही बंद करायची नाही.”

स्वरालीने डोळे उघडले. “आई, यापुढे मला कुणासमोर बसवू नकोस.”

“नाही बसवणार.” मग सुनीतीबाई डॉक्टरांकडे वळल्या. “आमच्या गल्लीत तीन घरांना मीच सांगितली ही पावडर. सगळ्या लग्नाच्याच मुली.”

“आजच घेऊन या त्यांना. आणि तोवर एकदम बंद करू देऊ नका.”

सुनीतीबाई घरी न जाता थेट पहिल्या दाराशी गेल्या.

“या, या. जमलं का स्वरालीचं?” शेजारीण हसत म्हणाली.

“नाही. माझी चूक सांगायला आलेय. तुमच्या आम्रपालीला बाहेर बोलवा.”