मिशरी म्हणजे तंबाखू न्हाई

चौसाळ्याच्या अण्णारावांच्या पायाचं बोट काळं पडलं तेव्हा डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, तंबाखू सोडा, नाहीतर पाय जाईल. अण्णारावांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, शपथ घेतली आणि बिडी टाकली. त्यांच्या बायकोला, शिवकांताला, तेव्हापासून बोलायला विषयच विषय झाला.

काय एकेक तऱ्हा! रात्रभर कूस बदलायचे, सकाळी चहात साखर जास्त म्हणून कप आदळायचे. आपल्या किराणा दुकानात साखर मागणाऱ्याला मीठ बांधून द्यायचे आणि वर त्याच्यावरच डाफरायचे.

"एवढीशी बिडी, अन् एवढा मोठा बाप्या तिच्यापायी रडतोय," शिवकांता शेजारच्या दगडाबाईला सांगायची. "मन खंबीर लागतंय बाई. ह्यांच्यात ते न्हाईच." सांगता सांगता तिचं बोट हिरड्यांवरून फिरत असायचं. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजून ती स्वतः मिशरी कुटायची. उठल्यावर, भाकरीनंतर, चहानंतर आणि मधेच कुणी भेटलं तर तेव्हाही तिला दात घासावे लागत.

मग एकाएकी अण्णाराव निवळले. माझ्या बोलण्याचा गुण, असं शिवकांतानं गल्लीभर सांगितलं. पण मिशरीची डबी भराभर रिकामी होऊ लागली, आणि एका सकाळी न्हाणीच्या आडोशाला नवरा मिशरीनं काळं झालेलं हाताचं बोट तोंडात घालून बसलेला तिला सापडला.

"शपथ मोडली तुमी! लाज हाय का?"

"कावून मोडंल? बिडी सोडली म्हनलो, सोडली. ही तर दात घासायची. मिशरी म्हंजे तंबाखू न्हाई, तूच सांगती की."

"आवो, पाय जाईल तुमचा!"

"मग घरात ठिवू नकू. डबी दिसली की हात जातोय माझा. तूबी सोड."

दगडाबाई भिंतीवरून बघत होती. शिवकांतानं डबी मोरीत उपडी केली. "मला काय जड हाय! मी काय तुमच्यावानी हाय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं डोकं ठणकत होतं. पोट साफ नव्हतं, भाकरी करपली होती, आणि मांजराला घातलेल्या शिव्या रस्त्यापर्यंत ऐकू गेल्या होत्या. शेवटी ती दगडाबाईच्या दारात गेली.

"जराशी दे गं. दातच घासायचेत."

दगडाबाईनं डबी पुढं केली आणि तोंडाला पदर लावला. हसू दे रांडेला, शिवकांता मनात म्हणाली. बोट हिरडीवर फिरलं तसं डोकं हलकं झालं. तेवढ्यात काठी वाजली. अण्णाराव लंगडत येऊन तिच्यासमोर उभे राहिले होते.

ते हसले नाहीत, टोमणाही मारला नाही. फक्त मिशरीसाठी डबीपुढं बोट केलं.

शिवकांताची नजर त्यांच्या पायाच्या काळ्या पडलेल्या बोटावर गेली. न्हाई, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण त्यासाठी आधी तोंडातली मिशरी थुंकावी लागणार होती, आणि तिच्यानं ती थुंकवेना.