मानाचं डोकं
उकडलेल्या मेंढीचं डोकं परातीतून समोर आलं आणि सादिरकुलला दरदरून घाम फुटला. पंगतीतल्या थोरल्याने ते कापून एकेकाला तुकडा द्यायचा आणि ज्याला जे सांगायचं, ते त्या तुकड्याबरोबर सांगायचं, ही रीत. आजवर हा मान ओमुरझाकचा होता. तो हिवाळ्यात गेला, आणि गावात सगळ्यांत म्हातारा, म्हणजे अक्साकाल, 'पांढरी दाढी', उरला तो पंप दुरुस्त करणारा सादिरकुल.

"कापा की, अक्साकाल," शेजारचा जुमाश म्हणाला. "दाढी काय उन्हात पांढरी झालीय तुमची?"

उन्हातच झाली होती बिचारी. चाळीस वर्षं शेताशेतांतून पंप खोलण्यात गेली, शहाणपण गोळा करायला सवड होती कुणाला?

दाराशी त्याची लेक नुरझात चहा ओतत होती. नवऱ्याच्या घरून ती तिसऱ्यांदा निघून आली होती. आधी दोनदा सादिरकुलनेच तिला परत नेऊन सोडलं होतं, का आलीस एवढंही न विचारता. आज तिला न्यायला जावयाचा चुलता आला होता.

"कान पोरीला द्या," चुलता हसत म्हणाला. मेंढीचा कान लहानांना देतात, थोरांचं ऐकावं म्हणून. "मग ऐकेल तरी. गाडी बाहेर उभीच आहे."

नुरझातने मान वर केली नाही. हात मात्र पुढे केला. सादिरकुलने त्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. पंप खोलण्याआधी तो नेहमी त्याला कान लावून ऐकायचा, कुठे काय अडलंय ते. पोरीचं मात्र त्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं.

त्याने कान कापला आणि आपल्याच तोंडात टाकला.

"अहो, तो लहानांचा असतो," त्याची बायको बातमा कुजबुजली.

"ठाऊक आहे. पण ऐकायचं माझंच राहिलंय. पोरी, किटली ठेव खाली. बैस इथे. पहिल्यापासून सांग."

चुलत्याने तोंड उघडलं, पण जुमाशने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोरल्याने ज्याला बोलायला सांगितलं, त्याच्या मध्ये कुणी बोलत नाही.

नुरझात आधी चाचरली, मग बोलू लागली. परातीतलं मांस निवलं. सादिरकुलच्या तोंडात चारच दात होते आणि कान चिवट होता. तो चघळत राहिला. गिळायची त्याला मुळीच घाई नव्हती.