मुकं डाएट

माणूस डाएटला लागला की गप्प बसत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, माझा डब्यांचा धंदा आहे. चऱ्होलीत आमच्या शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. रस्त्याकडच्या माझ्या थोरल्या दिरांच्या जमिनीवर, ओढ्याकडच्या आमच्या. त्या वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं सहा वर्षं बंद आहे, पण डबे मी दोन्हीकडच्या सोसायट्यांत देते. पूर्वी लोक पोळी-भाजी मऊ आहे का एवढंच विचारायचे. आता प्रत्येक डब्याचा धर्म वेगळा.

एक कीटोवाला आहे. तो भाकरीकडे साप दिसल्यासारखा बघतो आणि पनीर तुपात बुडवून मागतो. पीठ आणि साखर तोडली की शरीर आपलीच चरबी जाळायला घेतं, हे तो मला जिन्यात उभी करून समजावतो. देहूरोडच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले रोहिदासकाका दोनदाच जेवतात. दर खाण्याला म्हणे इन्शुलिन उठून बसतं, त्याला झोपू दिलं पाहिजे. एका मॅडमचं म्हणणं, विस्तवावर चढवलं की अन्नातला जीव जातो, म्हणून त्यांना मटकीसुद्धा कच्ची लागते. मी सगळ्यांना हो म्हणते. धंदा आहे. पण एक गोष्ट या सगळ्यांत सारखी, दुसऱ्याला आपल्यात ओढल्याशिवाय यांना चैन पडत नाही. रोहिदासकाकांनी तर माझ्या स्कूटीचं पंक्चर काढणाऱ्यालाही सकाळचा चहा सोडायला लावला.

म्हणून शेखरने डाएट सुरू केलं आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेखर माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात शेखर, आणि रागात काहीच म्हणत नाही. मटणाच्या रश्श्याची वाटी बोटाने पुसून खाणारा हा माणूस. एका सकाळी म्हणाला, "अपेक्षा, आजपासून मला तेल, तूप, साखर, मटण बंद. दुधीचं सूप, मुगाची डाळ, अर्धी भाकरी आणि ताक. कंपनीचा डबाही तसलाच दे."

"कुठलं डाएट हे?"

"आहे एक. कंपनीत सगळे करतात."

"दोन वेळचं का?"

"हां, तेच."

आणि संध्याकाळी फुटाणे खात बसला. दुसऱ्या दिवशी विचारलं, कीटो आहे का? तर म्हणाला, तसंच काहीसं. भाकरी खाऊन तूप नाकारायचं आणि त्याला कीटो म्हणायचं, असा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर खोटं बोलत असतो. शेखर अडाणी नाही.

मग बाकीचंही दिसायला लागलं. फोन आला की गच्चीवर जायचं. आठवड्यातून एकदा ओव्हरटाइम, आणि त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. शर्टही ढगळ व्हायला लागले होते. चाळिशी ओलांडलेला पुरुष गुपचूप बारीक व्हायला लागला तर तो कुणासाठी, यात विचार करण्यासारखं काय आहे? मला राग आला असं सगळ्यांना वाटेल. राग नंतर आला. आधी भीती वाटली. मला हा माणूस हवा होता, रश्श्याच्या वाटीसकट.

भांडले नाही. पुराव्याशिवाय भांडलं की पुरुष रुसून बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. त्यापेक्षा माझ्या हातात जे होतं ते मी केलं. दुधीच्या सुपात काजूची पेस्ट घातली, अगदी बारीक वाटून. मुगाच्या डाळीत साय घोटली. ताकातलं लोणी काढणंच बंद केलं. जिच्यासाठी बारीक होतोय तिला पोटासकट मिळू दे, म्हटलं.

शेखर सुपाचा वाडगा दोन्ही हातांनी धरून प्यायचा. "लोक तुला पैसे का देतात ते आता कळलं," म्हणायचा. "नुसता दुधी, पण काय चव आणतेस." शर्ट ढगळ व्हायचे थांबले. मला समाधान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग गोजाबाई आली. ती माझ्याकडे भाकऱ्या थापायला असते, तिची लेक कासारवाडीत दिलीय. परात पुढ्यात ओढत म्हणाली, "वैनी, रागाला येऊ नगा. लेकीकडं गेलते, तर ठेसनाजवळ शेखरदादा दिसलं. संगं बाई हुती. डोईवरनं पदर पार फुडं वढलेला."

"काय करत होते?"

"बाई च्या पीत हुती. दादा नुसतंच बसलं हुतं."

तिच्यासमोर चहाचा घोटसुद्धा नाही, म्हणजे प्रकरण खोल गेलं होतं.

पुढच्या ओव्हरटाइमच्या दिवशी मी डबे गोजाबाईच्या ताब्यात दिले आणि स्कूटी कासारवाडीला काढली. बाईला पहिलं वाक्य काय ऐकवायचं ते वाटेत नीट ठरवलं. स्टेशनजवळच्या टपरीसमोर बाकावर दोघं बसलेली दिसली. मी मागून गेले. बाई रडत होती.

"खरं सांगा भावजी," ती म्हणाली, "चोरून खाता न्हवं?"

भावजी? मी पुढे होऊन पदराखाली बघितलं. शालनबाई होत्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. ठरवलेलं वाक्य आता कुणाला ऐकवणार?

शेखर उठला, परत बसला. मग खाली बघत त्यानेच सगळं सांगितलं. थोरल्या दिरांचं, नानासाहेबांचं, लिव्हर निकामी झालं होतं. जुनी कावीळ आत राहिली होती. कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच ते जगणार होते. त्यांच्या मुलाचा रक्तगट जुळला नाही, शेखरचा जुळला. पण शेखरच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली, आणि ती उतरल्याशिवाय डॉक्टर त्याचा तुकडा घ्यायला तयार नव्हते. खायचं काय ते डॉक्टरांनीच ठरवून दिलं होतं, आणि आठवड्याचा ओव्हरटाइम म्हणजे हॉस्पिटलची फेरी होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

असतेच म्हणाले.

"शेवटी सांगावंच लागणार होतं," तो म्हणाला. "बायको नको म्हणाली तर डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. म्हटलं आधी चरबी तर उतरू दे. पहिल्या तपासणीत उतरायला लागली होती. आज परत वाढलेली निघाली. डॉक्टर विचारतात, बाहेर काय खाता? मी म्हटलं, बायको देते तेवढंच. त्यांचा विश्वास बसत नाही."

"माझा बी बसत न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "जिमिनीचा राग आसंल तर तसं तोंडावर म्हना, भावजी. आमी न्हाई काय बोलनार. पर तिकडं ते तुमच्या भरवशावर पडून हायेत, आन् तुमी व्हय म्हनून मागनं खाताय, ह्ये बरं न्हाई."

शेखरने माझ्याकडे बघितलं. "तू सांग ना वहिनींना. डबा तूच भरतेस."

मी नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर शेखरच्या पोटावर सुरी चालली नसती. आणखी महिनाभर सूप तसंच झालं असतं, डॉक्टरांनी नाद सोडला असता आणि माझा नवरा अख्खा घरी राहिला असता. नानासाहेबांसाठी माझा जीव तुटत होता असंही नाही, सहा वर्षांचा राग असा बाकावर बसून जात नाही. पण शेखर महिनोन्महिने अर्ध्या भाकरीवर राहिला होता आणि वर चोर ठरत होता. ते मला बघवेना.

"हे चोरून खात नाहीत," मी म्हणाले. "मी चोरून घालते."

काजू, साय, लोणी, सगळं सांगितलं. शालनबाईंचं रडं थांबलं. "का गं?"

"मला वाटलं, ह्यांची बाहेर कुणी बाई आहे."

शेखर हसायला लागला. आधी हळू, मग डोळे पुसत. टपरीवाला वळून बघायला लागला. इतक्या दिवसांचा राग मला तेव्हा आला.

"हसू नका. बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी मला भांडता तरी आलं असतं."

त्याचं हसू थांबलं. शेवटी शालनबाईंनीच धीर केला. "डागतर तुला इचारनार. काय सांगशील?"

"हो सांगेन." ते तोंडातून निघायला मला फार जड गेलं. "पण उद्यापासून ह्यांचं जेवण तुमच्याकडं. सकाळ, संध्याकाळ आणि कंपनीचा डबासुद्धा."

"आमच्या घरी?" शालनबाई शेखरकडे बघत म्हणाल्या. "आगं, तुझा तर धंदाच हाय त्यो. तुझ्या हाताखाली बायका हायेत. मी कशाला?"

"आतापर्यंत मी उगाचच्या कारणाने घालत होते, जाऊबाई. आता मला खरं कारण सापडलंय. डॉक्टरांना हो म्हणेन, आणि घरी येऊन दुधी शिजवताना माझा हात लोण्याकडं जाणार नाही, याचा मला भरवसा नाही."