सीडीतली बिनमुंडक्याची बाई

धावड्याच्या मारुतीपुढं अख्खं गाव लोटलं होतं. भर दुपारी सभामंडपाला चहूबाजूंनी सतरंज्या बांधून अंधार केलेला, बाहेर जनरेटर धडधडत होता, आणि आत टेबलावरच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. मारुती त्या दिवशी बिनहाराचाच होता.

"कलियुगात चित्रगुप्तानं वही टाकून देली, भक्तांनो," धर्मराज महाराज सांगत होते. "आता सगळा हिशेब ह्या मशिनीत. माणूस झूट बोलंल, मशीन बोलत न्हाई."

चित्रगुप्ताचा कॉम्प्युटर डिझेलवर चालतो, याचं मात्र कुणाला नवल वाटलं नाही.

हा सगळा खटाटोप आबारावांच्या वसंतासाठी होता. पोरगा काविळीनं हळदीसारखा पिवळा पडला होता. त्याला जालन्याच्या दवाखान्यात न्या म्हणून मी गावचा मास्तर घसा फोडून सांगत होतो. पण महाराजांनी निदान केलं की ही करणी आहे आणि करणारा भावकीतलाच आहे. तो हुडकायला त्यांनी आबारावांच्या मुलीच्या, इंद्रायणीच्या लग्नाची सीडी मागवली. लग्नाला सगळी भावकी येते, तेव्हा त्यात कोणी ना कोणी सापडणारच.

सीडी सुरू झाली. पडद्यावर मधोमध एक बसकी, रुंद चौकट होती. मंगलाष्टका चालू होत्या, अक्षता उडत होत्या. महाराजांनी चित्र थांबवलं आणि कुबडीचं टोक काचेवर टेकवलं.

"ही बाई कोण?"

मांडवामागच्या ओट्यावर एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, छातीशी धरलेले हात, आणि मानेच्या वर काही नाही.

"जयवंता वैनी," आबाराव पुटपुटले. त्यांच्या थोरल्या भावाची ती विधवा. "पर घरच्या टीव्हीवर तर तिला मुंडकं व्हतं महाराज. आम्ही कितीदा पाह्यलं."

"टीव्हीला करणी दिसती का? ही मशीन खरं रूप दावती. जिनं आपलं मुंडकं सैतानाला वाह्यलं, तिचं मुंडकं हितं दिसत न्हाई."

जयवंताबाई तिथंच खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना उठायलाही सवड मिळाली नाही. आबारावांचा चुलतभाऊ कचरू यानं झिंज्या धरून त्यांना फरशीवरून ओढत आणलं. कोणीतरी पहिला दगड मारला आणि कपाळ फुटलं. मग लाथा सुरू झाल्या. ज्या बायांची बाळंतपणं जयवंताबाईंनी केली होती, त्यांच्यातल्याच एकीनं चप्पल काढली.

"दात पाडा तिचे," महाराज शांतपणे म्हणाले. "दात गेले की मंतर फुटत न्हाई."

मी मध्ये घुसलो. पाठीत काठी बसली आणि मी तोंडावर पडलो. तिथून मला दिसलं, कचरूनं मोटारीचा नट खोलायची पकड जयवंताबाईंच्या तोंडात घातली होती. आवाज झाला तो हाड मोडल्यासारखा. त्यांच्या लुगड्याचा पुढा लाल झाला. पकड दुसऱ्या दाताकडं वळली.

"काका, पकड खाली ठेव."

दारात इंद्रायणी उभी होती. भाऊ आजारी म्हणून सासरहून आली होती, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवलेली नव्हती. बापाकडं न बघता ती सरळ टेबलापाशी गेली. "मशीन खरं बोलती ना? मंग मला एकदा तिच्यासंगं बोलू द्या."

"बाईमाणसाचा हात लागला की सिद्धी जाती," महाराज घाईनं म्हणाले.

"सीडी माझ्या लग्नाची हाय," ती म्हणाली आणि तिनं माऊस धरला. भोकरदनला ती कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती, हे तोवर गावाला फारसं ठाऊक नव्हतं.

तिनं चौकटीचा कोपरा धरून ओढला. चौकट मोठी झाली, बाईही मोठी झाली, पण मान तशीच कापलेली. गर्दी गुरगुरली. कचरूनं पुन्हा जयवंताबाईंचा जबडा धरला. इंद्रायणीनं चित्राच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"हे तर सगळ्यांनी बघा," ती म्हणाली. "पुढच्या रांगेत बाप हाय, कचरू काका हाय. ह्यांचे पाय कुठंत?"

खरंच, पुढं उभ्या असलेल्या एकालाही घोट्याच्या खाली पाय नव्हते. सगळे वर मुंडकं शोधत होते, खाली कोण बघतो?

"वर कापलंय तेवढंच खाली कापलंय. चित्र उंच हाय आणि महाराजांनी त्याला बसकी चौकट देली. जे मावलं न्हाई ते छाटलं." तिनं वरच्या पट्टीतली एक यादी उघडली, चित्र छाटायची खूण काढून टाकली आणि मूळ आकारावर बोट दाबलं.

चौकट उंच झाली. खाली पाय आले, चपला आल्या. वर जयवंताबाईंचा चेहरा आला. डोक्यावरचा पदर सावरत त्या लेकीसारख्या पुतणीचं लग्न बघत हसत होत्या.

इंद्रायणीनं सीडी पुढं नेली. आहेराच्या वेळी आबाराव स्टेजवर चढले, तिथं थांबवली, आणि मघाची छाटणी परत लावली. आबारावांचं मुंडकं गेलं.

"आता माझ्या बापाचे दात पाडायचे का, महाराज?"

महाराज सतरंजीखालून सटकू लागले. मग तेच हात, तेच दगड त्यांच्याकडं वळले. पहिला गुद्दा कचरूनं घातला. खरं सांगतो, क्षणभर मला गार वाटलं. पण ते टिकलं नाही, कारण गर्दीचे चेहरे मघासारखेच होते. विचार कोणीच केला नव्हता, फक्त माणूस बदलला होता. मी आणि आबारावांनी महाराजांना कसंबसं सोडवून देवळाच्या खोलीत कोंडलं आणि पोलिसांना फोन लावला.

आबाराव जयवंताबाईंपुढं बसले. "वैनी, चुकलं माझं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. बोलताना रक्ताचे थेंब पडत होते. "पोरीच्या अंगावर माझी सावली पडू न्हाई म्हणून मला त्या ओट्यावर कोणी उभं केलं व्हतं, आबाराव?"

आबारावांनी मान खाली घातली. त्यांनीच केलं होतं, आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. जयवंताबाई मांडवात सगळ्यांच्यात उभ्या असत्या, तर कुठल्याच चौकटीला त्यांची मान कापता आली नसती. महाराजांना फक्त कडेला लोटलेलं माणूस हुडकायचं होतं. ते काम आम्ही आधीच करून ठेवलं होतं.

पोलीस ज्या जीपमधून आले, त्याच जीपमधून वसंता आणि जयवंताबाई दोघंही जालन्याला गेले. वसंता सलाईनवर बरा झाला. जयवंताबाईंचा दात काही परत आला नाही.

म्हणून वाचकहो, एवढंच मागणं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी आणि दगड उचलायच्या आधी म्हणा, हे कसं केलं ते मला उलगडून दाखव. जो दाखवणार नाही, त्याच्या सांगण्यावरून कोणाच्याही अंगाला हात लावू नका.