परदेशात अडकलेला शिंपी

न्हाव्याच्या मोबाईलवर ईमेल आला: ‘प्रिय मित्रा, परदेशात अडकलोय. पाकीट चोरीला गेलं. खालच्या खात्यात ताबडतोब पैसे पाठव. फोन करू नकोस, बिघडलाय.’ शेवटी नाव शिंप्याचं. न्हाव्याने मान वर केली. शिंपी रस्त्यापलीकडे आपल्याच दुकानात, मशीनवर वाकून टीप मारत बसला होता.

एवढं डोळ्यांनी दिसल्यावर शहाण्याने ईमेल पुसून टाकला असता. पण न्हावी शहाणा असता तर जिवलग मित्राशी महिनोन्‌महिने अबोला धरून बसला असता का? भांडण तरी कशावरून, तर याच्या हातून शिंप्याची मिशी एका बाजूने जास्त उडाली, आणि त्याने याची नवी पँट आखूड शिवून उट्टं काढलं.

न्हाव्याला वाटलं, बिचारा अडचणीत आहे. आपल्याकडे तोंडाने मागवेना, म्हणून परदेशाचं सोंग काढलं. त्याला अगदी भडभडून आलं.

बायकोने ईमेल वाचून कपाळावर हात मारला. म्हणाली, ईमेलचा पत्ता भलताच आहे, पैशाची घाई आहे, वर फोन नको, आणि जन्मभर तुम्हाला टकल्या म्हणणारा माणूस ‘प्रिय मित्रा’ कशाला लिहील? समोर जाऊन विचारा की. पण विचारायचं म्हणजे आधी आपण बोलायचं, आणि गाडं तिथेच तर अडलं होतं.

खात्यात पैसे पाठवणं न्हाव्याला जमत नव्हतं, हे त्याचं नशीब. नव्या खुर्चीसाठी साठवलेली रक्कम त्याने लिफाफ्यात घातली, रस्ता ओलांडला आणि अवाक्षर न काढता लिफाफा शिंप्याच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?” शिंप्याने विचारलं.

आधी तो बोलला. न्हाव्याने खुशीत मोबाईल पुढे केला. शिंप्याने वाचलं आणि इतक्या महिन्यांच्या तुंबलेल्या शिव्या एका दमात उरकल्या, अर्ध्या चोराला, अर्ध्या न्हाव्याला. मग त्याने लिफाफ्यात डोकावून पाहिलं.

“टकल्या, मी इथे बसलेला दिसत होतो ना तुला?”

“दिसत होतास. वाटलं, मागायची लाज वाटली असेल.”

शिंप्याने उगाचच चष्मा पुसला. लिफाफा परत न्हाव्याच्या खिशात कोंबला.

“उद्या ती पँट घेऊन ये,” तो म्हणाला. “खालची दुमड उसवून देतो. लांबीचं कापड आत तसंच ठेवलंय मी.”